गोठ्यातली मोटार आणि तिच्या पोटातली वीज

लोणी काळभोर हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. उत्तरेला मुळा-मुठा नदी, शिवारात कालव्याचे पाणी, उसाचे मळे, आणि रेल्वे स्टेशनच्या अंगाला तेल कंपन्यांचे मोठे डेपो. रस्त्याने जाताना टँकरच्या रांगाच रांगा दिसतात. पेट्रोलशेजारी कसे राहावे हे या गावाला कुणी शिकवायला नको. डेपोच्या फाटकाशी बिडी-काडी काढून ठेवायची, टँकर भरताना त्याला तारेने जमिनीशी जोडायचे, सांडलवंड झाली तर आधी वाळू टाकायची, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पेट्रोलला वास असतो. ते सांडले की आधी नाक सांगते.

पण आता दारात जी नव्या तऱ्हेची मोटार येऊ लागली आहे, तिच्या टाकीत पेट्रोलही आहे आणि पोटात तीनशे-चारशे व्होल्टची बॅटरीही आहे. विजेला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. तिच्याशी कसे वागावे हे मात्र आपल्याला शिकावेच लागेल. हे मला कळले ते आमच्या अक्काच्या गोठ्यात.

अक्का लोणीला दिलेली. दाजींची चार एकर बागायत, दोन संकरित गाई, एक बैलजोडी. थोरला भाचा पुण्यात नोकरीला. गेल्या उन्हाळ्यात त्याने एक सेकंडहँड मोटार घेतली. पेट्रोलवर चालते, शिवाय घरच्या प्लगवर चार्ज करता येते, अशी. रविवारी ती घेऊन तो घरी आला, तेव्हा सारी आळी बघायला लोटली. ऊन फार म्हणून दाजींनी गाडी गोठ्याच्या मोकळ्या खणात लावायला सांगितली. भाच्याने गोठ्यातल्या दिव्याच्या बोर्डावरून एक लांब एक्स्टेन्शन ओढली, गाडीची चार्जिंगची केबल त्यात खोचली आणि सगळे जेवायला घरात गेले. गाडीपासून दोन हातांवर कडब्याची गंज होती.

रात्री अकराच्या सुमारास अक्का कंदील घेऊन गोठ्यात गेली. एक गाय व्यायला आली होती. दारातच तिला जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास आला. एक्स्टेन्शनचा डबा मऊ पडून वाकला होता आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. अक्काने डब्याला हात लावला नाही, प्लगही उपसला नाही. ती उलट्या पावली फिरली, पडवीत येऊन मेन स्विच पाडला आणि मग हाका मारल्या. त्या रात्री गाय व्याली, कालवड झाली. अक्का दहा मिनिटे उशिरा गेली असती तर कडबा, गाई आणि गोठ्याला लागून असलेले घर, काय राहिले असते सांगता येत नाही.

सकाळी वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडला, काळी पडलेली तार दाखवली आणि म्हणाला, "दाजी, गाडीचा यात काही दोष नाही. ही तार एका दिव्यापुरती ओढलेली. तिच्यावर तुम्ही पाणी तापवायच्या गिझरएवढा भार सहा तास टाकलात. तार तापणार नाही तर काय होणार?"

भाचा खाली मान घालून उभा होता. मला म्हणाला, "मामा, गाडीचं पुस्तक मी वाचलंच नव्हतं." मी म्हटले, "चल, दोघं मिळून वाचू." ते वाचून, त्या गाडीच्या कारागिराकडे बसून आणि वायरमनला विचारून जे समजले, ते शेतकरी कुटुंबांसाठी इथे मांडत आहे.

संकरित गाय आणि संकरित मोटार

हायब्रीड हा शब्द आपल्याला नवा नाही. हायब्रीड ज्वारी आपण पेरली. लोणीहून पुढे उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि तिच्यामुळे संकरित गाय महाराष्ट्राच्या गोठ्यागोठ्यांत पोचली. देशी गाईचा काटकपणा आणि परदेशी वळूच्या वाणाचे दूध, असा तो मेळ. संकरित मोटारीचेही तसेच आहे. पेट्रोल इंजिनाचा लांब पल्ला आणि विजेच्या मोटरचा कमी खर्च, असा दोहोंचा मेळ तिच्यात घातलेला असतो.

या गाड्यांत दोन जाती आहेत. साध्या हायब्रीडला प्लग नसतो. ब्रेक लावताना आणि उतारावर वाया जाणारी शक्ती ती विजेच्या रूपाने साठवते. तिची बॅटरी लहान असते, तरी दीडशे-दोनशे व्होल्ट आणि त्याहूनही अधिक दाबाची असते. अशा गाड्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. दुसरी जात प्लग-इन हायब्रीड. हिची बॅटरी मोठी, घरच्या विजेवर चार्ज होणारी. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर, काही गाड्यांत त्याहूनही जास्त अंतर, ती पेट्रोलचा थेंब न जाळता जाते. लांबचा प्रवास असला की इंजिन सुरू होते. आपल्याकडे या गाड्या अजून मोजक्या आणि महाग आहेत. पण जुन्या बाजारात त्या येऊ लागल्या आहेत, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला ती शिकवायला कुणी बसत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

पोटात किती वीज?

टॉर्चमध्ये आपण दीड व्होल्टचे सेल एकामागे एक घालतो. चार घातले की सहा व्होल्ट होतात. मोटारीच्या बॅटरीतही हेच असते. लिथियमचा एक सेल सुमारे ३.७ व्होल्टचा. असे ९६ सेल ओळीने जोडले की ३५५ व्होल्ट होतात.

एवढा दाब कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. ६० किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर चालवायची म्हटली तर पाच हजार अँपिअर प्रवाह लागेल. त्याला मनगटाहून जाड तांबे लागेल. ३५० व्होल्टवर तेच काम १७० अँपिअरमध्ये होते. महावितरणच्या लांबच्या लाइनी अकरा हजार व्होल्टच्या असतात, त्याचे कारणही हेच.

आता साठा किती ते पाहू. प्लग-इन हायब्रीडच्या बॅटरीत साधारण ८ ते २० युनिट वीज मावते. आपल्या विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर तासाला पावणेचार युनिटच्या आसपास वीज घेते. म्हणजे १२ युनिटची बॅटरी ती मोटर तीन तास चालवील एवढी शक्ती गाडीच्या पाटाखाली निजलेली असते. गाडी बंद केली, किल्ली खिशात घातली, तरी ती शक्ती तिथेच असते.

शिवाय ही वीज घरच्या विजेसारखी नाही. घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा शून्यावरून ये-जा करते. बॅटरीची वीज एकाच दिशेने, अखंड वाहते. म्हणून तिची ठिणगी एकदा पेटली की सहज तुटत नाही. तिचा धक्का बसला तर स्नायू आखडतात, भाजणे खोलवर होते आणि हृदय बंद पडू शकते. स्टार्टरचा धक्का खाऊन बचावलेला माणूस गावोगाव सापडतो, म्हणून काहींना विजेची भीती उरलेली नसते. त्यांनी या गाडीपाशी ते धाडस करू नये.

नारिंगी रंग ओळखा

बॉनेट उघडले की काळ्या तारांच्या गर्दीत काही जाड केबली नारिंगी रंगाच्या दिसतात. या रंगाचा अर्थ सगळ्या जगात एकच, उच्च दाबाची वीज. त्या केबलीला, तिच्या टोकाच्या पेटीला किंवा पिवळ्या त्रिकोणात विजेची खूण असलेल्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. त्या सोलायच्या नाहीत, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळायची नाही, हलवूनही बघायच्या नाहीत.

कारखान्याने गाडीत बरीच राखण ठेवलेली असते. उच्च दाबाची धन व ऋण, दोन्ही टोके गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून वेगळी ठेवलेली असतात, म्हणून धुताना-पुसताना गाडीला हात लावला तर काही होत नाही. कुठे वीज सांगाड्यात उतरू लागली तर गाडी स्वतःच ओळखून दिवा लावते. गाडी बंद केली की बॅटरीच्या तोंडाशी असलेले स्विच उघडतात आणि वीज बॅटरीतच अडते. अपघातात हवेची उशी फुगली तरी हे स्विच आपोआप सुटतात.

मात्र बॅटरीपुढच्या यंत्रात जी वीज साठून असते, ती उतरायला काही मिनिटे जातात. म्हणून शिकलेला कारागीरसुद्धा आधी गाडी बंद करतो, १२ व्होल्टची लहान बॅटरी सोडवतो, सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, पुस्तकात सांगितलेला वेळ थांबतो, हजार व्होल्टचे रबरी मोजे चढवतो, मीटर लावून शून्य बघतो आणि मगच पान्याला हात घालतो. ट्रॅक्टर आणि पंप उत्तम दुरुस्त करणारा आपला मिस्त्री कितीही हुशार असला, तरी हे शिक्षण आणि हे मोजे त्याच्याकडे नसतील तर त्याला त्या गाडीत हात घालू देऊ नये. त्याचा अपमान म्हणून नव्हे, त्याची बायकापोरे घरी वाट बघत असतात म्हणून.

चार्जिंग कुठे आणि कसे?

अक्काच्या घरी वायरमनने नंतर जी व्यवस्था करून दिली ती अशी. मीटरपाशी वेगळा स्विच आणि तिथून थेट चार्जिंगच्या जागेपर्यंत वेगळी तांब्याची तार, तीही चार चौरस मिलिमीटरची. मध्ये दुसरा कुठलाही बोर्ड नाही. टोकाला चांगल्या प्रतीचे १६ अँपिअरचे तीन भोकांचे सॉकेट, पावसापासून झाकलेले. सोबत ३० मिलिअँपिअर गळती झाली तरी पडणारा गळती-स्विच. आणि चांगले अर्थिंग.

अर्थिंगबद्दल दोन शब्द जास्त सांगायला हवेत, कारण खेड्यात तेच कच्चे असते. तारेचा तुकडा विटेखाली दाबला म्हणजे अर्थिंग होत नाही. खोल खड्डा, त्यात पट्टी किंवा नळी, भोवती कोळसा व मीठ, आणि उन्हाळ्यात त्यावर अधूनमधून पाणी. जमीन सुकली की अर्थिंगही सुकते. पुष्कळ गाड्या अर्थिंग नसेल तर चार्जच होत नाहीत. तेव्हा गाडीवर चिडू नये. ती आपलीच राखण करीत असते.

दाजींनी त्या वेळी एक प्रश्न विचारला होता. पुष्कळांच्या मनात तो येईल. "विहिरीवर पंपाची वीज आहे की. तिथंच लावली तर काय बिघडलं?" राज्य सरकारने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ केले आहे, त्यामुळे हा मोह होणारच. पण शेतीच्या जोडणीची वीज शेतीसाठीच आहे. तिच्यावर मोटार चार्ज करणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याबद्दल आकारणी होऊ शकते. शिवाय तिथला दाब कधी चढतो, कधी पडतो. तो भार गाडीच्या चार्जरला मानवत नाही. आकडा टाकून चार्ज करण्याचा तर विचारही नको.

रात्रभराचा हिशेब सोपा आहे. घरच्या प्लगवर दहा अँपिअर घेतले तर तासाला सव्वादोन युनिट जातात. बारा युनिटची बॅटरी पाच-सहा तासांत भरते. काही गाड्यांत हा प्रवाह कमी करून ठेवता येतो. जुन्या घरात तो कमीच ठेवावा आणि पहिल्या आठवड्यात दर तासाने प्लगजवळ हाताची पाठ नेऊन बघावी. कोमट चालेल. चटका बसत असेल तर मेन स्विच पाडावा आणि वायरमनला बोलवावे. गाडी लांबून आल्यावर तापलेली असते. तिला तासभर निवू द्यावे, मग लावावे. आणि कडबा, सरपण, खताची पोती, डिझेलचा डबा, यांतले काहीही जवळ नसावे.

बॅटरी राखावी कशी?

कारागिराने भाच्याला सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. तो म्हणाला, "बॅटरी म्हणजे बैल समजा. उपाशी ठेवलात तरी खराब, कोंडून खायला घातलंत तरी खराब." रोज वापर असेल तर रोज चार्ज करायला हरकत नाही. पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ती पूर्ण भरूनही ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवावी आणि अधूनमधून बघावी.

ऊन हा बॅटरीचा मोठा वैरी आहे. माणसाला जी हवा सोसते तीच तिला सोसते. चैत्र-वैशाखात गाडी झाडाखाली किंवा हवेशीर छपरात लावावी. काही गाड्यांत बॅटरी गार ठेवायला मागच्या बाकाजवळ हवेची जाळी असते. तिच्यावर पोती, पिशव्या, भाजीची गाठोडी ठेवू नयेत. जाळीत कडब्याचा भुसा जाऊ देऊ नये.

उंदीर हा आपल्याकडचा दुसरा वैरी. धान्याची कणगी आणि मोटार शेजारी-शेजारी ठेवली की उंदीर रात्री उबेला बॉनेटमध्ये शिरतात आणि तारा कुरतडतात. नारिंगी केबल कुरतडलेली दिसली तर गाडी सुरूही करू नये आणि चार्जलाही लावू नये.

गाडीची बॅटरी पोटाखाली असते हे पाणंदीने जाताना ध्यानात ठेवावे. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, बांधावरचे दगड, वर आलेले धोंडे यांवर पोट घासले तर गाडी दाखवून घ्यावी. धुताना मोठ्या दाबाचा पाण्याचा झोत बॉनेटमध्ये आणि खालून केबलींवर मारू नये.

इंजिनालाही विसरू नये. सारे अंतर विजेवरच होऊ लागले की पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहते आणि शिळे होते. आता तर पेट्रोलात आपल्याच उसाचे इथेनॉल असते आणि ते ओल धरते. म्हणून महिन्यातून एकदोनदा इंजिनावरही गाडी चालवावी. तशीच ती लहान १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी लहान बॅटरी उतरली की गाडी उठत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायकांनी व आजी-आजोबांनी जास्त ध्यानात घ्यावी. ही गाडी विजेवर असताना हळू चालते तेव्हा फारसा आवाज करीत नाही. उभी असली तरी ती सुरू असू शकते. समोर 'रेडी' असा दिवा असेल तर पायाच्या दाबाने ती चालू लागेल. अंगणात पोरे, कोंबड्या, वासरे असतात. गाडी बंद करून, किल्ली काढून, ती पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

पूर, अपघात आणि आग

ओला कडबा गंजीत रचला तर काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. वरून गंज शांत दिसते, आत ऊब धरते, दिवसेंदिवस वाढते आणि एके दिवशी धूर निघतो. बिघडलेली लिथियम बॅटरी तशीच वागते, फक्त फार लवकर आणि फार जोराने. एक सेल तापला की शेजारचा तापतो, तो पुढच्याला तापवतो. वरून विझली असे वाटले तरी आतून तास-दोन तासांनी, कधी दिवसांनी, पुन्हा पेटते.

याचा एक धडा अमेरिकेत मिळाला. २०११ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी खात्याने शेवरोले व्होल्ट या प्लग-इन गाडीची बाजूने खांबावर आदळण्याची चाचणी घेतली. बॅटरीला इजा झाली, आतले गार ठेवणारे पाणी गळले, पण त्या दिवशी काहीच झाले नाही. गाडी आवारात नेऊन लावली. तीन आठवड्यांनी ती पेटली आणि जवळच्या गाड्याही जळाल्या. म्हणून ठोकलेली गाडी गोठ्यात, शेडमध्ये किंवा घराला लागून लावू नये. घर, गंज आणि दुसऱ्या गाड्या यांपासून पन्नास फूट तरी मोकळी जागा सोडावी.

दुसरा धडा पुराचा. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळात न्यू जर्सीच्या नेवार्क बंदरावर उभ्या असलेल्या फिस्कर कंपनीच्या सोळा प्लग-इन गाड्या समुद्राच्या पाण्यात बुडाल्या आणि पेट घेऊन जळाल्या. खारे पाणी विजेला सहज वाट देते. आपल्या नदीचे पाणी तेवढे खारे नाही, तरी गाळ आणि घाण मिसळलेले पाणी धोक्याचेच. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या वस्त्यांत मुठेचे पाणी शिरले तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. ते पाणी खाली आपल्याच गावांकडे येते. पुराचा इशारा आला की गुरांबरोबर गाडीही उंचावर न्यावी. बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जला लावू नये, दोराने ओढून चाकांवर फरपटत नेऊ नये. चारही चाके उचलणाऱ्या गाडीवरूनच न्यावी.

सोलापूर रस्त्यावर अपघात होतात आणि मदतीला आधी धावतात ते शेतकरीच. अशा वेळी ११२ ला फोन करावा आणि स्पष्ट सांगावे की गाडी हायब्रीड आहे, बॅटरीची आहे. हाती लागेल तर गाडी बंद करून किल्ली दूर न्यावी. माणसे बाहेर काढताना फाटलेल्या पत्र्यातून बाहेर आलेल्या नारिंगी केबलीला शिवू नये. फुसफुस आवाज, गोडसर उग्र वास किंवा पांढरा धूर आला तर सर्वांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब जावे. तो धूर विषारी असतो. लहान नळकांड्याने ही आग विझत नाही. तिला अग्निशामक दलाचे पुष्कळ पाणी लागते आणि नंतरही पहारा लागतो.

आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगताना हात थांबतो, पण सांगितली पाहिजे. २०२२ च्या सप्टेंबरात वसईत एका घरात विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि वाचू शकला नाही. स्कूटरची बॅटरी मोटारीच्या मानाने केवढी? पण माणसे जिथे झोपतात तिथे आणि बाहेर पडायच्या दारात चार्जिंग नको, हा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे.

त्याच वर्षी अशा आगी वाढल्यावर केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. गाड्यांच्या अशा चाचण्या घेणारी 'एआरएआय' ही संस्था आपल्या पुण्यातच १९६६ सालापासून आहे. जुनी गाडी घेताना ती केव्हाची, तिची बॅटरी कधी उघडली होती का, पुरात किंवा अपघातात सापडली होती का, कंपनीने ती गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये नंबर देऊन विचारावे. २०२० साली युरोपात फोर्ड कंपनीने आपल्या कुगा प्लग-इन गाडीच्या मालकांना, बॅटरी दुरुस्त होईपर्यंत चार्जच करू नका, असे कळवले होते. असा निरोप जुन्या मालकाकडे जातो, नव्याकडे पोचत नाही.

जुनी बॅटरी भंगारात नको

बॅटरी म्हातारी झाली की भंगारवाला चांगले पैसे देतो. कुणी म्हणेल, उघडून इन्व्हर्टरला जोडू, कुणी म्हणेल, फवारणीच्या पंपाला लावू. म्हाताऱ्या बॅटरीतही मारून टाकण्याइतका दाब असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तिथेच द्यावी आणि पावती घ्यावी.

घराच्या भिंतीवर लावण्यासाठी

१. नारिंगी केबलीला हात नाही.
२. चार्जिंगला वेगळी तार, पक्के अर्थिंग, गळती-स्विच. एक्स्टेन्शन नाही.
३. कडबा, सरपण, डिझेल आणि झोपायची जागा यांपासून चार्जिंग लांब.
४. वास, धूर, चटका आढळला तर आधी मेन स्विच, मग हाका. प्लग उपसू नये.
५. बुडालेली किंवा ठोकलेली गाडी सुरू करू नये, चार्ज करू नये, घरापासून पन्नास फूट लांब.
६. धुरापासून माणसे आणि गुरे दूर. फोन ११२.
७. दुरुस्ती फक्त शिकलेल्या कारागिराकडून.

हा कागद आता अक्काच्या पडवीत मेन स्विचच्या शेजारी चिकटवला आहे. चार्जिंगची जागा गोठ्यातून काढून अंगणाच्या टोकाला, चिंचेखाली पत्र्याच्या छपरात केली आहे. खर्च झाला म्हणून दाजी थोडे कुरकुरले. अक्का त्यांना म्हणाली, "अहो, गाडी सावलीत उभी करायला जागा लागली तर तुम्ही गोठा दिलात. आता तिच्या विजेला वाट द्यायला हात आखडू नका. त्या रात्री मी गाईसाठी उठले होते. रोज रात्री गाय कशी व्यायला येईल?"

दाजी हसले आणि वायरमनचे पैसे चुकते केले. त्या रात्रीची कालवड आता चांगली अंगाने भरली आहे. भाचा आला की आधी तिच्यापाशी जातो, मग गाडी लावायला चिंचेकडे वळतो.